एका इंटर्नलवरून पोरीचा स्वभाव ठरवू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. शहादा तालुक्यातल्या एका आशाताईंची (गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशा कार्यकर्तीची) मुलगी यंदा एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. बारावीपर्यंत वर्गात कायम पहिली. पहिल्या इंटर्नलला, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेला, मात्र अ‍ॅनाटॉमीत 100 पैकी 38 आणि फिजिओलॉजीत 43. त्याच आठवड्यात होस्टेलच्या मुलींनी मोबाइलवर स्वभावाची चाचणी दिली, त्यात हिचा निकाल आला 'अंतर्मुख आणि चिंता करणारी'. तेव्हापासून ती म्हणते, "मम्मी, मना सभावच डॉक्टरकीना नही." अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घरीसुद्धा येणार नाही म्हणते. ताईंनी विचारलंय: हे शिक्षण स्वभावावर अवलंबून असतं का? तिला परत आणावं का? आणि घरी बसून मी काय करू?

ताई, परत आणू नका. निदान एका इंटर्नलवरून आणि मोबाइलच्या चाचणीवरून तर मुळीच नको. हे आधीच सांगून टाकते, कारण उत्तर लांबणार आहे आणि तोवर तुमच्या जिवाला घोर नको.

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. गेली 22 वर्षं खानदेशात मेडिकल, नर्सिंग आणि फिजिओथेरपीच्या मुलामुलींना शिकवते. त्यांच्यातले काही जण रुग्ण म्हणूनही माझ्यासमोर बसतात. खाली ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांची ओळख पटू नये म्हणून गाव, वर्ष, कोर्स असं सगळं बदललं आहे.

आधी त्या चाचणीचं बघू. तुमच्या गावात गरोदर बाई उन्हातून दोन किलोमीटर चालत उपकेंद्रावर येते. आल्या आल्या तिचं बीपी घेतलं तर ते वाढलेलंच दिसणार. सिस्टर तिला आधी बसवतात, पाणी देतात आणि मग घेतात. तरीही जास्त आलं तर पुन्हा घेतात. तुमच्या मुलीनं ही चाचणी मार्क कळले त्या आठवड्यात दिली. 'मला सतत काळजी वाटते', 'मला लोकांत मिसळायला नको वाटतं' अशा वाक्यांपुढे तिनं 'हो' केलं असणार, दुसरं काय करणार? ती त्या दिवसांतली तिची अवस्था होती. स्वभाव म्हणजे वर्षानुवर्षं, वेगवेगळ्या प्रसंगांत टिकणारा कल. एका वाईट आठवड्याचं माप घेऊन तो सांगता येत नाही.

दुसरं म्हणजे, अशा चाचण्या माणसाला एका खणात टाकतात. तू अंतर्मुख, ती बहिर्मुख. अभ्यासकांनी जे पाच गुण धरले आहेत ते उंचीसारखे असतात, प्रत्येकात कमीजास्त प्रमाणात असतातच. नवं समजून घ्यायची हौस, नेटानं आणि वेळच्या वेळी काम करणं, बोलका मोकळा स्वभाव, इतरांशी जुळवून घेणं आणि जिवाला लावून घेणं, हे ते पाच. इंग्रजी पुस्तकांत यातल्या दुसऱ्याला कॉन्शिएन्शसनेस आणि शेवटच्याला न्यूरोटिसिझम म्हणतात. मी वर्गात 'नेट' आणि 'लावून घेणं' एवढंच म्हणते, मुलांना लगेच कळतं.

आता तुमचा मूळ प्रश्न. अभ्यासातल्या यशाशी या पाचांपैकी कशाचा संबंध आहे? यावर जगभर भरपूर काम झालंय आणि उत्तर बऱ्यापैकी एकसारखं येतं: नेटाचा. ऑस्ट्रेलियातल्या आर्थर पोरोपॅट यांनी 2009 मध्ये आधीचे अभ्यास एकत्र करून पाहिले, त्यांतले काही हिशेब 70,000 वर विद्यार्थ्यांचे होते. नेटाचा मार्कांशी संबंध दिसला, आणि तो बुद्धीपेक्षा बराचसा स्वतंत्र होता. अंतर्मुख असण्याचा मार्कांवर म्हणावा असा परिणाम दिसत नाही.

पण हा संबंध केवढा, हेही सांगायला हवं. पोरोपॅट यांचा आकडा साधारण 0.2 च्या आसपासचा आहे (0 म्हणजे संबंधच नाही, 1 म्हणजे पुरेपूर संबंध). म्हणजे मुलामुलींच्या मार्कांत जो फरक पडतो, त्यातला जेमतेम 4-5 टक्के हिस्सा या गुणाशी जोडता येतो. हा सगळ्यांत जोरकस गुण आणि त्याचा वाटा एवढा. उरलेल्यात पूर्वतयारी, भाषा, अभ्यासाची पद्धत, झोप, तब्येत, पैशाची ओढाताण, होस्टेलमधली सोबत आणि शिकवणारे असं सगळं येतं. मोबाइलवरच्या निकालावरून 'तू डॉक्टर होणार नाहीस' असं कुणालाच सांगता येत नाही.

मेडिकलच्याच मुलांवरचा एक अभ्यास मला फार आवडतो. बेल्जियममध्ये 1997 साली मेडिकलला लागलेल्या 627 मुलामुलींच्या मार्कांचा सात वर्षं माग काढला गेला. नेटाचा मार्कांशी असलेला संबंध पहिल्या वर्षी 0.18 होता, तो सातव्या वर्षी 0.45 झाला. वर्गात बसून पाठ करायचं असतं तोवर हुशारीवर भागतं. वॉर्डात गेल्यावर रोज सकाळी रुग्णाला तपासणं, रिपोर्ट बघणं, केस पेपर नीट लिहिणं सुरू होतं, आणि तिथे नेट लागतो. बोलकेपणाचा उपयोगही पुढच्या वर्षांतच दिसू लागला, कारण तेव्हा माणसांशी बोलायचं असतं. पहिल्या वर्षाच्या इंटर्नलवरून ती कसली डॉक्टर होईल हे ठरत नाही, असं मी म्हणते ते यासाठी. बोलण्याचं म्हणाल तर रुग्णाशी बोलणं ही शिकवण्याची गोष्ट आहे. 2019 पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात त्यासाठी वेगळे तास आहेत. आणि कमी बोलणारी मुलं रुग्णाचं ऐकून जास्त घेतात, हे मी ओपीडीत रोज बघते.

मग 38 मार्क का पडले? तिला भेटल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही, पण आपल्याकडच्या मुलांचे मार्क पहिल्या वर्षी कुठे सांडतात ते मी खूप पाहिलं आहे. जळगावला 2018 मध्ये आणि नंदुरबारला 2020 मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं. त्याआधी खानदेशात सरकारी म्हणजे धुळेच. आता घरात पहिल्यांदाच कॉलेजचं तोंड बघणारी, अहिराणी, पावरी, भिली, गुजरी बोलत वाढलेली कितीतरी मुलं या वर्गांत बसतात. बारावीपर्यंत ती पहिली असतात. इथे वर्गातला प्रत्येक जण आपापल्या गावचा पहिलाच असतो.

धडगावकडचा एक मुलगा होता. घरी पावरी, बाजारात अहिराणी, शाळेत मराठी, म्हणजे इंग्रजीच्या आधीच तीन भाषा. तोंडी परीक्षेला त्याच्या हातात मांडीचं हाड दिलं आणि विचारलं, उजवं की डावं? पोरगा गप्प. हाड हातात फिरवतोय, अंगठ्यानं त्याचा गोल माथा चाचपतोय, घाम फुटलाय. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी 'तयारी नाही' असा शेरा लिहायला पेन उचललं. त्याला शिकवणारे सर शेजारी होते. ते म्हणाले, मराठीत सांग. त्यानं हाड स्वतःच्या मांडीला लावलं, माथा आत कमरेकडे, खालचे दोन गोळे मागे, आणि म्हणाला, "सर, हे असं बसतं, म्हणून उजवं." पुढची चार मिनिटं तो थांबला नाही. कुठला स्नायू कुठे चिकटतो, पडल्यावर म्हाताऱ्या माणसाचं नेमकं कुठे मोडतं, सगळं. त्याला 'अबोल, आत्मविश्वास कमी' असं दोन सत्रं म्हटलं जात होतं. त्याला येत होतं, फक्त ते इंग्रजीच्या दारातून बाहेर पडत नव्हतं. पुढे तो रोज संध्याकाळी खोलीतल्या भिंतीसमोर उभा राहून दहा मिनिटं इंग्रजीतून मोठ्यानं उत्तरं म्हणायचा. सहा महिन्यांत तोंडी परीक्षेत अडखळणं बरंच कमी झालं. स्वभाव होता तोच राहिला.

दुसरी गळती अभ्यासाच्या पद्धतीची. 'नीट' या प्रवेश परीक्षेची तयारी चार पर्यायांतून बरोबर ओळखण्याची असते. इथे कोरा कागद समोर ठेवून आठवून लिहायचं असतं. बहुतेक मुलं पुस्तक पुन्हा पुन्हा वाचतात, रंगीत पेनानं रेघा मारतात आणि 'झालं' म्हणतात. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिके यांनी 2006 मध्ये एक प्रयोग केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार वेळा वाचण्यात वेळ घालवला. इतरांनी एकदाच वाचला आणि मग तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना 40 टक्के आठवत होतं, आठवून लिहिणाऱ्यांना 61 टक्के. तुमच्या मुलीला एवढंच सांगा: लेक्चर झालं त्याच दिवशी, पुस्तक मिटून, अर्धं पान आठवेल ते लिहायचं. चुकलं तर चुकू दे. मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनानं भरायचं. रोज वीस मिनिटं, ठरलेल्या वेळी, शक्यतो एका मैत्रिणीबरोबर. नेट असाच येतो. तो जन्मतः किती मिळाला याची चिंता करण्यापेक्षा रोजची एक वेळ बांधून घेणं सोपं आहे.

आता ज्याच्यासाठी खरं तर मी हे उत्तर लिहायला बसले, त्याकडे येते. ताई, तुमच्या मुलीच्या मार्कांची मला फारशी काळजी नाही. ती अखाजीला येत नाही म्हणते, त्याची आहे.

नॉर्वेत मेडिकलच्या विद्यार्थ्यांचा अनेक वर्षं पाठपुरावा झाला. 2007 च्या त्यांच्या लेखात स्वभावांच्या जोड्या-तिड्या लावून पाहिल्या आहेत. सगळ्यात जास्त ताण कुणाला होता? ज्यांच्यात नेट भरपूर, लावून घेणंही भरपूर आणि बोलकेपणा कमी, त्यांना. म्हणजे जो गुण मार्क मिळवून देतो, तोच लावून घेण्याच्या जोडीला आला की माणसाला आतून पोखरतो. मार्क आणि मनाची तब्येत ही दोन वेगळी खाती आहेत. एकात शिल्लक दिसते म्हणून दुसरं ठीक असेल असं धरू नये.

हे मला एका मुलीनं शिकवलं. नर्सिंगची, भुसावळकडची. तिचं जर्नल मी वर्गात उंच धरून दाखवलं होतं. स्केचपेनच्या रेघा, एकही खाडाखोड नाही, प्रत्येक आकृतीखाली तारीख. "हिच्यासारखं काम करा," असं मी 60 जणींना सांगितलं. चार महिन्यांनी ती पोटात जळजळ होते म्हणून ओपीडीत आली. वजन 9 किलोनं उतरलं होतं, पाळी तीन महिने नव्हती. मेसमध्ये रात्रीची जात नव्हती, कारण जेवायला गेलं की पाऊण तास जातो. हात पुढे कर म्हटलं तेव्हा मधल्या बोटावर पेनानं पडलेला घट्टा दिसला, आणि त्याच्या कडेची कातडी तिनं दातांनी सोलून काढलेली होती. विचारलं, हे काय? म्हणाली, "मॅडम, एका आकृतीवर पाण्याचा थेंब पडला. आख्खं जर्नल परत लिहिलं. तुम्ही परत बघायला मागितलं तर?"

ती चूक माझी होती. मी तिच्या दुखण्याचं सगळ्यांसमोर कौतुक केलं होतं. ती नापास झाली असती तर कुणीतरी दोन महिने आधी तिला बोलावलं असतं. मार्क 70 च्या वर होते म्हणून आम्हा कुणाचं तिच्याकडे लक्षच गेलं नाही. तिला गोळ्या लागल्या, दर आठवड्याला बोलणं लागलं, आणि घरच्यांना सगळं समजावून सांगावं लागलं. ती बरी झाली. आजही ती नेटकीच आहे, पण खाडाखोड झालेलं पान तसंच ठेवते. त्यानंतर वर्गात कुणाचं जर्नल दाखवण्याआधी मी त्या मुलीला विचारते, रात्री झोपलीस किती वाजता?

ही एखाद्या मुलीची गोष्ट नाही. 2016 मध्ये जगभरातले अभ्यास एकत्र केले तेव्हा मेडिकलच्या विद्यार्थ्यांत 27 टक्क्यांना नैराश्य किंवा त्याची लक्षणं होती, आणि 11 टक्क्यांच्या मनात मरणाचे विचार येऊन गेले होते. चाचणीत नैराश्य दिसलेल्यांपैकी उपचार घेणारे होते 100 मध्ये 16. डॉक्टर होऊ घातलेली मुलं! आपल्याकडे राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या कृतिदलानं 2024 मध्ये अहवाल दिला. त्यांच्या ऑनलाइन पाहणीत पदवीच्या 25,590 विद्यार्थ्यांनी उत्तरं दिली होती. त्यांतल्या जवळपास 28 टक्क्यांनी आपल्याला मानसिक त्रास असल्याचं स्वतःहून सांगितलं. ऑनलाइन पाहणीत त्रास असलेली मुलं जास्त उत्तरं देतात हे धरलं, तरी हा आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

लावून घेण्याचा स्वभाव कमी होतो का? होतो. 2017 मध्ये 207 अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. सरासरी 24 आठवड्यांच्या उपचारांनंतर माणसांच्या स्वभावगुणांत मोजता येईल असा बदल दिसला, आणि सर्वांत जास्त बदलला तो हाच गुण. म्हणून 'तुझा स्वभावच तसा आहे' हे वाक्य घरात कुणालाही बोलू देऊ नका. आजीलासुद्धा नाही.

आता तुम्ही काय करायचं. तुम्ही आशा आहात, म्हणून तुम्हाला मी इतर पालकांपेक्षा वेगळं सांगू शकते. तिशीवरच्या लोकांचा सीबॅक फॉर्म, म्हणजे आजारांचा धोका तपासायचा फॉर्म, तुम्ही घरोघर भरता. त्यात शेवटी दोन प्रश्न आहेत: गेल्या दोन आठवड्यांत कामात रस किंवा आनंद वाटेनासा झालाय का, आणि मन उदास, निराश असतं का. प्रत्येकाला 0 ते 3 गुण, आणि बेरीज 3 च्या वर गेली की पुढे पाठवायचं. हे दोन प्रश्न तुम्ही शेकडो घरांत विचारले असतील. ते आता स्वतःच्या लेकीला विचारायचे आहेत. फॉर्म हातात न घेता, फोनवर नाही, समोर बसून.

फोन रोज करता ते चांगलं आहे, पण तुमच्या फोनचं पहिलं वाक्य काय असतं ते आठवून बघा. बहुतेक घरांत ते 'अभ्यास झाला का?' असतं. मुलं मला सांगतात, मॅडम, घरचा फोन आला की पोटात गोळा येतो. तुम्ही आधी "जेवनी का वं?" विचारा, आणि मेसमध्ये आज काय होतं ते ऐकून घ्या. कळण्याच्या भाकरीची आठवण काढून ती दोन मिनिटं मेसच्या भाजीला नावं ठेवत बसली तर बसू द्या. मार्कांचं ती स्वतःहून काढेपर्यंत काढू नका. तिच्या वडिलांनाही सांगा की 'एवढा खर्च केला' हे वाक्य या वर्षभर नको.

तिला कॉलेजात एक मेंटर शिक्षक नेमून दिलेले असतील, त्यांना एकदा भेटायला सांगा. मार्कांची सफाई द्यायला नाही, माझा पेपर समोर ठेवून कुठे चुकलं ते दाखवा, एवढंच म्हणायला. तपासलेला पेपर मागायला मुलं लाजतात आणि तीच चूक पुढच्या इंटर्नलला परत करतात. सध्याच्या नियमाप्रमाणे पहिल्या वर्षाला चार संधी आणि चार वर्षांची मुदत आहे, हेही तिच्या कानावर घाला. घाबरलेल्या मुलांना वाटतं की पुढच्या महिन्यात सगळं संपणार.

झोपेबद्दल कडक राहा. रात्री दोनपर्यंत जागून सकाळी आठच्या लेक्चरला पेंगणं म्हणजे अभ्यास नव्हे. सहा तासांखाली जाऊ नको, म्हणा. मेमध्ये होस्टेलच्या खोल्या रात्री अकरापर्यंत तापलेल्या असतात, तेव्हा दुपारी लायब्ररीत थंडाव्याला वाचायचं आणि पहाटे उठायचं हे आपल्या भागात जास्त जमतं.

आणि काही गोष्टींना थांबायचं नाही. दोन आठवडे झोप किंवा जेवण गेलंय, सारखं रडू येतंय, ती मैत्रिणींशीही बोलेनाशी झालीय, 'मी नसते तर बरं झालं असतं' अशा अर्थाचं काही बोलली, तर त्याच दिवशी गाडी धरा. ती शिकते त्याच दवाखान्यात मानसोपचार विभाग असतो. तिथे ओळखीचे लोक बघतील म्हणून ती नको म्हणेल, तर दुसऱ्या गावी दाखवा. रात्री-अपरात्री टेली-मानसचा 14416 हा नंबर आहे. तो 24 तास चालतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. तिच्या मोबाइलमध्ये तो आजच सेव्ह करायला सांगा, आणि तुमच्यातही करा. मरणाबद्दल विचारलं की मनात तो विचार पेरला जातो, असं लोक म्हणतात. तसं होत नाही. विचारलं की माणूस मोकळा होतो. सरळ विचारा.

राहिली अखाजी. मोबाइलवर आग्रह करू नका, कुणालातरी घ्यायला पाठवा. जमलं तर तुम्हीच जा. लेकींनी माहेरी यायचा सण आहे, ती अजून लग्नाची नसली म्हणून काय झालं. येण्याआधी चुलत्या-मावश्यांना बजावून ठेवा की 'काय डॉक्टरीणबाई, किती मार्क पडले?' असं कुणी विचारायचं नाही. पहिला दिवस तिला झोपू द्या, बारा वाजले तरी उठवू नका. आमरस असेल, सांजोऱ्या असतील, किती खाते तिकडे लक्ष ठेवा, पण ताटाकडे बघत बसू नका. झोका बांधाल तेव्हा ती त्यावर बसते की आत खोलीत पडून राहते, तेही बघा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अंगणात दोघीच असाल तेव्हा "काय व्हयनं वं माय?" एवढं म्हणा आणि गप्प बसा. ती बोलायला वेळ घेईल. तिचं बोलून झालं की मग ते दोन प्रश्न विचारा, आणि बेरीज किती आली ते मला कळवा.